मधोमधपर्यंत

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी
मी चर बघायला निघतो.
पाणीमंडळाची सायकल, खांद्यावर खुणांची काठी,
खिशात वही. वहीत दोनच रकाने:
झालं. नाही झालं.

फ्रीसलंडच्या या पट्ट्यात जमीन समुद्राच्या खाली आहे.
तिला ते ठाऊक नाही.
पंपाला ठाऊक आहे,
आणि ज्याच्या नावावर ती आहे त्याला असायला हवं.
नियम सोपा: तुझ्या काठापासून मधोमधपर्यंत
चर तुझा.
लव्हाळे तू कापायचे, गाळ तू उपसायचा,
उपसलेला गाळ तुझ्याच काठावर सोसायचा.
त्यापुढचं पाणी शेजाऱ्याचं.
आता पाण्याचा मध्य कुठे असतो
हे सव्वीस वर्षांत मला कुणी दाखवलेलं नाही.
मी काठी रोवतो आणि म्हणतो, इथे.

विबे म्हणतो, बदकीण बसली होती अंड्यांवर.
नोव्हेंबरात?
तो टोपी काढून डोकं खाजवतो.
शहरातून आलेल्या जोडप्याला वाटतं चर सरकारचा.
त्यांनी काठावर बाक मांडलाय,
पाण्यात कमळं सोडलीत, गुलाबी.
मी कमळांचं कौतुक करतो
आणि लिहितो: नाही झालं.

मग बाउक्ये आणि हेसेल.
एका लंगड्या घोडीच्या सौद्यावरून
अकरा वर्षं अबोला,
आणि अकरा वर्षं सगळ्या पट्ट्यात
त्यांच्याइतका साफ चर दुसरा नाही.
इकडून ती, तिकडून तो,
मध्यापर्यंत, बोटभरही पुढे नाही,
जणू कुणी पाण्याचा भांग पाडलाय.

यंदा ऑगस्टात हेसेल कोठाराच्या शिडीवरून पडला.
मांडीचं हाड. आधी दवाखाना, मग भाचीकडे.
मी पेन दुसऱ्या रकान्यावर टेकवूनच आलो होतो.

दोन्ही बाजू साफ.

त्याच्या काठावर गाळाचे ढीग,
लहान लहान, बुटक्या माणसाने टाकावेत तसे.
लव्हाळ्यांचे बुंधे उलट्या बाजूला तिरके:
विळा डाव्या हातात होता.
बाउक्ये माझ्या वहीत सही डाव्या हाताने करते.

हेसेलचा भाग कुणी काढला?
मला काय माहीत, ती म्हणाली. मी माझ्या अर्ध्याची.
मग गाळ त्याच्या काठावर कसा?
त्याचा गाळ. मी का म्हणून घेऊ?
निसटलेलं वाक्य तिने परत उचललं नाही.
बुटांचा चिखल दगडावर घासत राहिली.
मग म्हणाली, तिकडे तुंबलं की माझं कुरण बुडतं.
पाणी काठी बघून थांबत नाही.
हे चांगुलपण नाही. तसं काही लिहू नका.

मी तसं काही लिहिलं नाही.
तसा रकानाच नाही.

मार्चमध्ये हेसेल परतला, हातात काठी, माझ्यासारखी,
फक्त खुणा नसलेली.
त्याने माझ्याकडे पाकीट दिलं:
पाच तासांची मजुरी, सेंटपर्यंत मोजलेली.
चर बारा फुटांचा; पुलावरून वळसा दोन किलोमीटर.
बाउक्येने मोजली, एका तासाचे पैसे काढून परत दिले.
चारच तास लागले, सांगा त्याला.
मी पुन्हा वळसा घातला.
हेसेल म्हणाला, पाच. ओला गाळ जड असतो, सांग तिला.
मी पुन्हा वळसा घातला.
तिने दार उघडलं नाही. खिडकीतून मान हलवली.

त्या एका तासाचे पैसे
अजून माझ्या वहीत आहेत,
दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर.
मंडळाला मी कळवलेलं नाही.